डबीतली फुंकर

मी एक डबी बोलतेय. हळूच बोलते, कारण मोठ्या आवाजाची मला सवय नाही. आणि दुसरं म्हणजे, आता मला झाकण नाही. झाकण नसलेल्या डबीने काय बोलावं आणि काय पोटात ठेवावं, हे मला अजून नीटसं जमत नाही.

दिसायला मी काही विशेष नाही. तळहाताएवढी, पारदर्शक प्लास्टिकची. एका अंगाला वायरी जाण्यापुरतं भोक. काठ पात्याने कापलेला, खरबरीत. आणि आत एका कोपऱ्यात हिरवट डाग, कितीही पुसला तरी न जाणारा. त्या डागाचीच गोष्ट सांगायची आहे. माझ्या आत बरेच दिवस एक माणूस होता. आता अख्खा माणूस डबीत कसा मावेल म्हणा! त्याची एक फुंकर होती.

माझा जन्म साच्यातला. वितळलेलं गरम प्लास्टिक, थंडगार लोखंड आणि एक जोराचा ‘थप्प’. तेव्हा जी दचकले ती आजतागायत सावरलेली नाही. आम्ही एकीच्या पोटात एक बसणाऱ्या बहिणी, आणि मी सगळ्यांत धाकटी. घरात आल्यावर थोरल्या बहिणी साखर, चहापूड सांभाळायला लागल्या. मी इतकी लहान की माझ्यात काय ठेवावं हेच कुणाला सुचेना. माझ्या झाकणाला मात्र रबराचं छान घट्ट कडं होतं. त्या कड्यापायीच मी स्वयंपाकघरातून उठले.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान होतं. तिथे घरातली बाई घड्याळं दुरुस्त करायची. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून बसायची. भिंतीवर, काउंटरवर, खणांत, जिकडेतिकडे घड्याळं, आणि कुणाचं कुणाशी जमत नाही. एक टिकटिक संपायच्या आत दुसरी सुरू. मला आधी वाटायचं, कुणीतरी बोटांनी टकटक करून आत बोलावतंय.

बाईचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. उंच इमारतींच्या पोकळीत दोराला लटकून दिवसभर काम करायचा. उंचीला भ्यायचा नाही, पाण्याला मात्र भ्यायचा. पाणी घोट्याच्या वर आलं की चेहऱ्याचा रंग उडायचा. आणि छंद काय, तर रिमोटवर चालणाऱ्या बोटींचा! स्वतःला जाता येत नाही तिथे निदान आपल्या हातची बोट जावी, असं काहीतरी असेल.

‘ही डबी घेतली गं मी,’ एकदा स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला.

‘घ्या, घ्या. माझं स्वयंपाकघर म्हणजे तुमच्या बोटीचं गोदामच आहे,’ बाई भिंग न काढता म्हणाली. ‘मागे गाळणी नेलीत, ती ग्रीस लावून परत आली.’

‘ती गाळणी कामी आली. तिचं नाव बोटीला देऊ का?’

असे ते दोघं. त्यांचं बोलणं ऐकताना माझी भीती जरा कमी व्हायची.

आता माझं काम सांगते. बोटीला कान असतो. त्याला रिसीव्हर म्हणतात. काठावरचा माणूस रिमोटने जे सांगतो ते तो ऐकतो आणि सुकाणूला, मोटरला पोचवतो. हा कान भिजला की संपलं. बोट बहिरी होते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, कुणी न बोललेलं ऐकायला लागते. म्हणून तो कान माझ्या पोटात ठेवायचा आणि पाण्याचा थेंबही आत येऊ द्यायचा नाही.

त्याने माझ्या अंगाला तापलेल्या टोकाने भोक पाडलं. (हे सांगताना अजून अंग चोरावंसं वाटतं.) त्यातून वायरी ओवल्या, भोक सिलिकॉनने बुजवलं. रबराच्या कड्याला जेली चोपडली. मग मला टिश्यू पेपर खाऊ घालून बादलीत बुडवलं आणि वर दगड ठेवला. बाहेर काढल्यावर टिश्यू कोरडा निघाला तेव्हा त्याने एवढी आरोळी ठोकली की काउंटरवरचं गिऱ्हाईक घड्याळ टाकून मागे सरलं. रिसीव्हरच्या पट्टीवर त्याने लेकीची बिनरंगी नेलपॉलिश लावली.

‘बाबा! ती नवी बाटली होती!’ लेक ओरडली. ती तेव्हा कॉलेजात होती.

‘अगं, तुझ्या नखांपेक्षा या पट्टीला जास्त गरज आहे, बबडे.’

पिनांना मात्र पॉलिश लावता येत नाही, तिथे वायरी टोचायच्या असतात. त्या उघड्याच राहिल्या. हे लक्षात ठेवा.

शेवटी मला बंद करायची वेळ आली. भोक पाडतानाचा प्लास्टिकचा चुरा तळाशी अजून सांडलेला होता. बाईने तिची रबरी फुंकणी पुढे केली. घड्याळवाल्यांकडे असतेच ती. दाबली की कोरडी हवा सोडते.

‘तोंडाने नको हं. ही घ्या.’

‘फुंकर ती फुंकर.’

‘तोंडातली हवा ओली असते. माझ्या टेबलावर कुणी घड्याळात फुंकलं तर हात मोडून ठेवीन मी.’

‘हे घड्याळ नाही, बाईसाहेब. ही युद्धनौका आहे.’

आणि त्याने गाल फुगवून माझ्यात फुंकलं. गरम, दमट, चहाचा वास असलेली फुंकर. चुरा उडाला आणि पुढच्याच क्षणी ‘खट खट’ करत झाकण बसलं. खटक्यांवर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून झाकणाच्या सांध्यावरूनही त्याने सिलिकॉनची रेघ ओढली, सगळीकडून.

‘आता कापल्याशिवाय उघडणार नाही ही,’ तो खुशीत म्हणाला.

बाईने नुसती मान हलवली.

शहराबाहेरच्या तळ्यावर सुटीच्या सकाळी बोटीवाले जमायचे. बँकेतून निवृत्त झालेले एक लठ्ठ गृहस्थ त्यांचे म्होरके, सगळे त्यांना कप्तान म्हणायचे.

‘पाण्यापासून इतका लांब उभा राहून बोट चालवणारा तूच पाहिला रे बाबा,’ कप्तान म्हणाले.

‘बोट भिजली तर चालेल. मी नाही.’

बोट पाण्यात सोडली आणि खालून जो गारठा आला! बोटीची पाठ म्हणजे माझी पाठ. आणि तेव्हाच माझ्या आत काहीतरी हललं. आत्तापर्यंत दिसत नव्हती ती फुंकर माझ्या भिंतींवर येऊन बसली. आधी धुकं. मग बारीक बारीक ठिपके. मी दचकले, पण दचकून जाणार कुठे? बाहेरून सगळे टाळ्या वाजवत होते. बोट वळत होती, पळत होती. लेक ओरडत होती, ‘बाबा, डावीकडे! डावीकडे घ्या ना!’ आणि आत मी एका माणसाचा श्वास अंगावर घेऊन थरथरत होते.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका दुपारी तो जेवून आडवा झाला आणि उठलाच नाही. मी तेव्हा बोटीत, कपाटावर होते. मला फक्त बाईची हाक ऐकू आली. ‘अहो.’ मग जरा मोठ्याने, ‘अहो!’ मग पावलं, दारं, शेजारी. आणि या सगळ्यात एकही घड्याळ थांबलं नाही. त्याची मला फार भीती वाटली.

लोक आले, गेले. घर रिकामं झालं. आणि मग माझ्या लक्षात आलं की तो पूर्ण गेलेला नाही. सकाळी खोली गार असली की माझ्या काचेसारख्या भिंतीवर तो हळूहळू उमटायचा. दुपारी ऊन आलं की विरायचा. पुन्हा सकाळी उमटायचा. मी कुणाला सांगणार?

बाईला सांगावं लागलं नाही. एका सकाळी ती कपाटावरची धूळ झटकायला स्टुलावर चढली. फडकं फिरवता फिरवता तिचा हात थांबला. बोटीचं वरचं झाकण उघडं होतं. तिने डोळ्याला भिंग लावलं आणि माझ्यात पाहिलं. घड्याळाच्या काचेखालचं धुकं ती जन्मभर काढत आली होती. तिला एका नजरेत कळलं. बराच वेळ ती स्टुलावरच उभी होती.

‘तरी सांगत होते मी तुम्हाला,’ ती म्हणाली. रागावून नाही, हळूच. जसं कुणी जागं होऊ नये म्हणून बोलावं, तसं.

त्या दिवसापासून बोट तिच्या टेबलावर आली.

एका संध्याकाळी तिने बोटीची बॅटरी जोडली. का जोडली, देव जाणे. रिमोट खणात होता, बंद. म्हणजे बोटीने गप्प बसायला हवं होतं. पण त्याच वेळी एक थेंब माझ्या भिंतीवरून घरंगळला आणि दोन उघड्या पिनांच्या मधोमध बसला. रिसीव्हरला वाटलं, कुणी बोललं. सुकाणू थरथरलं आणि डावीकडे वळलं.

बाईच्या हातातला चिमटा खाली पडला.

‘अहो?’

सुकाणू पुन्हा हललं.

तो थेंब होता. मला माहीत आहे, माझ्याच अंगावरून गेला तो. टेबलावरचा दिवा गरम, तळ गार, त्यामुळे थेंब सरकायचे. बहुतेक हेच कारण. बहुतेकच म्हणते मी, कारण ती विचारायची तेव्हाच ते का सरकायचे, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग रोजचंच झालं. फळी ओढून दुकान बंद केलं की ती दिवा लावायची, बॅटरी जोडायची. डावीकडे म्हणजे हो, उजवीकडे म्हणजे नाही, हे तिनेच ठरवलं. आधी साधंसुधं. ‘तुमचा कोट देऊन टाकू का कुणाला?’ उजवीकडे. ‘बरं, राहू दे.’ ‘कप्तान रिमोट मागत होते, देऊ?’ उजवीकडे. ‘वाटलंच मला.’ आणि ती चक्क हसायची. मी घाबरून गोळा व्हायचे. हो, डबीसुद्धा होते.

कप्तान एकदा भेटायला आले. सुकाणू फडफडताना त्यांनी पाहिलं.

‘वहिनी, रिसीव्हरमध्ये पाणी गेलंय. उघडून पुसायला हवं. नाहीतर जळेल.’

‘पाणी गेलेलं नाही,’ बाई म्हणाली. ‘आतलंच आहे.’

‘आतलं कसं असेल?’

‘आहे. चहा घेणार?’

कप्तानांनी चहा घेतला आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जसं आजारी माणसाच्या खोलीतून निघताना पाहतात.

मग लेकीला नोकरी लागली. लांबच्या शहरात. मनासारखी नोकरी, आणि आठवडा संपायच्या आत कळवायचं होतं.

‘आई, काय सांगू त्यांना?’

‘थांब जरा. विचारून सांगते.’

‘कुणाला विचारून?’

बाई टेबलावरची घड्याळं पुसत राहिली. लेक दारात उभी राहिली. तिच्या नजरेने मला टोचलं.

त्या संध्याकाळी प्रश्न आला. दिवा लागला, बॅटरी जोडली. बाईने पदर सारखा केला, जसा तो समोर असताना करायची.

‘बबडीला पाठवू का?’

मी जीव मुठीत धरला. मला थेंब धरता आला असता तर धरला असता. पण मी भिंत आहे, हात नाही. थेंब निघाला. सुकाणू उजवीकडे वळलं.

‘नीट ऐकलंत ना? लांब आहे, पण चांगली नोकरी आहे.’

पुन्हा उजवीकडे. करकचून, जसं कुणी हात धरून ओढावा.

‘हे काय चाललंय?’ मागून आवाज आला.

लेक पाण्याचा ग्लास घेऊन आली होती. बहुधा बराच वेळ उभी असावी.

‘आई, तू बोटीला विचारतेस? माझ्या नोकरीचं?’

‘बोटीला नाही.’

‘आतमध्ये ओल आहे, आई! शॉर्ट होतंय ते! तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं यातलं!’

‘मला कळत नाही होय?’ बाईचा आवाज चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. ‘रोज लोकांच्या घड्याळांतली ओल काढते मी. कुठून आली, कशी आली, सगळं कळतं. त्यांनी तोंडाने फुंकलं. मी नको म्हणत होते. ती ओल म्हणजे त्यांचा श्वास आहे. घरात त्यांचं सगळं आहे गं, चपला, कोट, चष्मा. पण श्वास एवढाच आहे. तो मी पुसून टाकू?’

लेकीला ग्लास ठेवायला जागा सापडेना. शेवटी तो तिने खाली जमिनीवर ठेवला.

‘मग काय म्हणाले ते?’ तिने विचारलं.

‘नको म्हणाले.’

‘बरं.’ ती हसली, पण ते हसू नव्हतं. ‘बाबा नको म्हणाले तर नाही जात. कळवते मी त्यांना.’

‘अगं, तसं नाही...’

‘तसंच आहे. तू नको म्हणाली असतीस तर भांडले असते तुझ्याशी. याच्याशी काय भांडू?’

आणि बॅटरी काढायला तिने बोटीत हात घातला.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. बोट कलंडली. माझ्यातलं सगळं पाणी एका कोपऱ्यात धावलं, मोटरच्या पिनांकडे. बोटीच्या शेपटाशी पितळेचा पंखा असतो, धारेचा. तो एकदम सुरू झाला. कोरड्यात, टेबलावर, किंचाळत. लेकीचा दुसरा हात नेमका तिथे होता.

ती ओरडली. मीही ओरडले, पण माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? बाईने वायर उपटली. पंखा थांबला. टेबलावर, घड्याळांच्या काचांवर लाल शिंतोडे. दोन बोटांना लागलं होतं, बरंच खोल. बाईने ती बोटं आपल्या पदरात आवळून धरली आणि दोघी तशाच जमिनीवर बसून राहिल्या. हाडाला धक्का नव्हता, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं, टाके घालताना.

डॉक्टरांकडून परत आल्यावर बाईने लेकीला खुर्चीत बसवलं. दिवा लावला. मला बोटीतून उचललं. बराच वेळ तळहातावर ठेवून पाहिलं. मला वाटलं, पुन्हा विचारेल. मी थिजून गेले.

‘ते असते,’ ती म्हणाली, ‘तर तुझ्या बोटांना लागू दिलं नसतं.’

लेकीने पट्टी बांधलेला हात मांडीवर ओढून घेतला.

‘बबडे म्हणून हाक मारली असती, ओरडले असते, बोट तळ्यात फेकली असती. पण लागू दिलं नसतं. म्हणजे हे ते नाहीत.’

तिने पातं घेतलं. त्याने ओढलेली सिलिकॉनची रेघ तिने टोकापासून टोकापर्यंत कापली. कुठेकुठे माझा काठही कापला गेला, पण मी काही म्हटलं नाही. मग नख घालून झाकण उचललं. ‘टक्’ असा बारीकसा आवाज झाला.

बस्स. एवढंच. काही दिसलं नाही. चहाचा वास तर नव्हताच, जळक्या वायरीचा होता. बाई माझ्यावर वाकली होती, लेक शेजारी बसली होती, दोघी श्वास घेत होत्या. त्याची ती फुंकर कुणी आत घेतली, मला माहीत नाही.

आतल्या पिनांवर हिरवा गंज चढला होता आणि त्याचा डाग माझ्या कोपऱ्यातही उतरला होता. बाईने कापूस घेऊन सगळं कोरडं केलं. मी खूप दिवसांनी कोरडी झाले आणि मला इतकं एकटं वाटलं की काय सांगू.

‘आई,’ लेक म्हणाली, ‘आता तू सांग. तुला काय वाटतं?’

बाईने कापूस बाजूला ठेवला.

‘मला वाटतं, जाऊ नयेस.’

घड्याळं चालत होती.

‘तरी जा,’ ती म्हणाली. ‘हे मी सांगतेय. कुणाला विचारून नाही.’

मग त्या भांडल्या. अगदी मनसोक्त. स्वेटर किती न्यायचे, तिथे जेवणाचं काय, रोज फोन करायचा की दिवसाआड. लेक रडत रडत भांडत होती आणि बाई भांडत भांडत तिची बोटं फुलासारखी धरून होती.

लेक गेली. बोट कप्तानांनी नेली. त्यांनी तिला नवा कान बसवला, नवी डबी दिली, आत ओल शोषणारी पुडी ठेवली. ती चांगली चालते म्हणतात, सांगितल्याशिवाय हलत नाही.

मी इथेच आहे, बाईच्या टेबलावर. माझ्यात ती काही ठेवत नाही. संध्याकाळी फळी ओढून झाली की कधीकधी तिचा हात सवयीने बॅटरी शोधतो. बॅटरी नसते. मग ती तशीच बसते आणि माझ्याकडे पाहून म्हणते, ‘आज फार गिऱ्हाईकं होती हो.’ काही हलत नाही. ती थोडं थांबते. पुढचंही सांगते. मला तेव्हा इतकं वाटतं की एक थेंब तरी असावा. आणि लगेच वाटतं, नको. नकोच.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. मला पुन्हा झाकण लावू नका. सुया ठेवा, स्क्रू ठेवा, काहीच नाही ठेवलं तरी चालेल, पण उघडं ठेवा. बंद केलं की आतलं सांभाळणं माझ्याकडे येतं, आणि मी फार भित्री आहे.

आता जरा मागे सरता का? तुम्ही वाकून ऐकताय आणि माझ्या भिंतीवर धुकं धरतंय.